दार नसलेल्या त्रेचाळीस खोल्या

१२ जानेवारी

ताई,

आधी पहिल्या ओळीतच सांगून टाकतो: आई बरी आहे. नाहीतर माझं पत्र म्हटल्यावर तू भलतंच काही समजशील आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटेल.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, मेलला उत्तर देत नाहीस, राहता राहिला पोस्टमन. तू मुद्रितं तपासतेस त्या छापखान्याच्या पत्त्यावर पाठवतोय. चार माणसांदेखत पत्र फाडायला तुला संकोच वाटेल, एवढाच माझा हिशेब.

काल रविवार. आई नेहमीप्रमाणे फोन घेऊन बाल्कनीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मी भांडी घासत होतो. काचेतून मला फक्त आईची मान दिसते, ती कशी हलते त्यावरून तू काय म्हणत असशील ते मी ताडतो. काल मान हललीच नाही. ती आत आली. मी दोनदा विचारलं, तर म्हणाली, "मी काही तुमची टपालपेटी नाही." मग जेवायला बसल्यावर आपणहून म्हणाली, "तिने टिपणांच्या वह्या रद्दीत घातल्या. म्हणाली, लिहिण्याचं खूळ होतं, गेलं एकदाचं."

ताई, मी घास ताटात ठेवला तो ठेवलाच. तू माझ्याशी बोलत नाहीस हे मी दहा महिने सोसलं, आयुष्यभर सोसलं असतं. पण तू लिहिणं सोडलंस हे नाही सोसवत. ते माझ्यामुळे झालं आणि मला ते उलटं करायचंय. कसंही करून.

मार्ग आहे, म्हणूनच लिहितोय. परवा एका कचेरीत झेरॉक्स मशीनचा रोलर बदलत होतो. तिथल्या बाईंना माझा नाद माहीत आहे, त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या खेळात चित्रं का नाहीत हो?" मी माझं ठरलेलं भाषण सुरू केलं: चित्रं नाहीत, नुसता मजकूर आहे. खेळणारा 'डावीकडे जा' असं टाइप करतो आणि पडद्यावर पुढच्या खोलीचं वर्णन येतं. वर्णनं माझ्या बहिणीची, दारं माझी. खेळ वाटताना सगळ्या खोल्या एकाच फाइलमध्ये बांधून द्यायच्या. "सगळ्या म्हणजे किती?" असं त्यांनी विचारलं आणि मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

सगळ्या! म्हणजे तुझ्या त्रेचाळीससुद्धा. "कुणी येणार नाही अशी जागा दे," असं तू म्हणाली होतीस, म्हणून मी तुला खेळातच त्या खोल्या दिल्या आणि त्यांना एकही दार काढलं नाही. घरात तशी जागा तुला नव्हतीच, तुझं टेबल म्हणजे आईचं भाजी निवडायचं टेबल. तू त्या खोल्यांच्या वर्णनांत आपली कादंबरी लिहीत होतीस, आणि मी खेळाची नवी आवृत्ती लोकांना पाठवली की तुझी कादंबरीही गुपचूप त्यांच्या घरी जात होती. कुणाला पत्ता नाही, कारण दारच नाही. माझ्याकडची प्रत गेली म्हणजे डिस्क गेली ना, त्यात गेली. पण लोकांकडच्या प्रती आहेत.

आजपासून एकेकाला गाठतो. मिळतील, ताई. तोवर उरलेलं काही रद्दीत घालू नकोस.

तुझा,
खटपट्या


२ फेब्रुवारी

ताई,

मागच्या पत्राचं उत्तर नाही. असो, मीही कुठे वाट बघत होतो, असं लिहिणार होतो, पण रोज दुपारी दोनदा खाली जाऊन पेटी बघतो हे वॉचमनलाही ठाऊक झालंय. "साहेब, काही असलं तर मीच वर आणून देईन," असं तो म्हणाला काल, जरा दमानेच.

आता ऐक. गणिताचे मास्तर आठवतात? निवृत्त झालेले, खेळातल्या प्रत्येक कोड्याला 'हे तर्कशुद्ध नाही' म्हणून दोन पानी मेल पाठवणारे? त्यांच्याकडे प्रत निघाली! ते कधीच काही पुसत नाहीत. पण पाच वर्षांपूर्वीची आवृत्ती, त्यामुळे त्यात तुझ्या अकराच खोल्या आहेत. अकरा तर अकरा. छापून सोबत ठेवल्यात. कचेरीतल्या बाईंनी चांगला कागद दिला.

छापताना वाचल्या. वाचायला नको होतं, पण वाचल्या. चौथ्या खोलीतला तो प्रवाशांच्या विसरलेल्या छत्र्या सांभाळणारा कारकून वाचून मी मशीनपाशी उभ्याउभ्या हसलो. खेळात मी माणसं घालतो ती नुसती किल्ली द्यायला किंवा अडवायला. तुझा कारकून कुणालाच काही देत नाही, तरी त्याला सोडून जाववत नाही. पंधरा वर्षं मी खेळ लिहितोय आणि हे मला एकदाही जमलं नाही.

आता खरं सांगायला हवं. मास्तरांनी मला विचारलं, "मूळ प्रत कशी गेली?" आणि मी "डिस्क" म्हणालो, तर ते म्हणाले, "मग खेळाची बाकीची दोनशे खोल्यांची फाइल कशी वाचली? ती तर त्याच डिस्कवर असणार." त्यांना एका क्षणात कळलं. तुलाही त्याच दिवशी कळलं असणार.

डिस्क गेली नव्हती. मी एक साफसफाईचा प्रोग्रॅम लिहिला होता. तो सगळी दारं तपासतो आणि जिथे कुठूनच पोचता येत नाही अशा खोल्यांची यादी काढून विचारतो: काढून टाकू? हो किंवा नाही. दिवसभरात संगणक माणसाला असं पन्नास वेळा विचारतो आणि माणूस पन्नास वेळा 'हो' म्हणतो. मीही म्हणालो. न वाचता. माझी जादा प्रतही आपोआप बनते. तो प्रोग्रॅमही माझाच, आज्ञाधारक. इकडे पुसलं की तिकडेही पुसतो. तू विचारायचीस, "तू ठेवतोस ना रे सगळ्याची प्रत?" आणि मी म्हणायचो, "ताई, तू नुसती लिही." आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा म्हणतात तो हा. फक्त पाय तुझा होता.

आणि तू रडत होतीस तेव्हा मी वर तोंड करून म्हणालो, "जिथे कुणी पोचतच नाही त्या खोल्या असल्या काय नि नसल्या काय." ते मी का म्हणालो कुणास ठाऊक. चूक पकडली गेली की मी असाच चावायला धावतो. त्या वाक्यावर तू बॅग भरलीस. ते परत घेता येत नाही.

एकच व्यक्ती उरलीय जिच्याकडे शेवटची आवृत्ती असेल. नर्सबाई, खेळाच्या चुका काढून पाठवायच्या त्या. ती आवृत्ती मी फक्त त्यांनाच तपासायला दिली होती, तू गेलीस त्याच्या आठच दिवस आधी. त्या फोन उचलत नाहीत.

तुझा,
खटपट्या


२३ फेब्रुवारी

ताई,

अकरा खोल्यांचं पाकीट परत आलं. पहिलं पत्रही. दोन्हींवर तुझ्या अक्षरात 'घेणार नाही'. वॉचमनने वर आणून दिली, म्हटल्याप्रमाणे.

हे कुणासाठी लिहितोय मग? बसच्या थांब्यावर बाकावर बसलोय, बसला अजून तास आहे, वही मांडीवर आहे. लिहिलं नाही तर मी इथे सगळ्यांसमोर रडेन.

सहा तासांचा प्रवास करून नर्सबाईंकडे गेलो. त्यांनी फोन नंबर बदललाय, पत्ता मास्तरांकडून मिळवला. लॅपटॉप दहा-अकरा महिन्यांपूर्वी जिन्यावरून पडला, तेव्हापासून पलंगाखाली. "घेऊन जा, मला काय लोणचं घालायचंय त्याचं?" असं म्हणाल्या आणि तो माझ्या हातात ठेवला. मी तिथेच ओट्यावर उघडला. पडदा फुटलेला, आतली डिस्क बाहेरून तरी धड दिसतेय. पण माझ्याकडच्या तारेने जोडली तर नुसती कुरकुरते आणि थांबते. तीनदा जोडली. तीनदा थांबली. चौथ्यांदा जोडायचा माझा धीर झाला नाही, आणखी बिघडली तर?

नर्सबाईंनी चहा ठेवला. म्हणाल्या, "तुमचा खेळ चांगला आहे, पण त्यात मेलं की माणूस परत पहिल्या खोलीत उभा राहतो. मी दिवसभर दवाखान्यात असते. मला ते बघून बरं वाटायचं आणि रागही यायचा." मी म्हणालो, खेळात तसंच असतं. मग त्यांनी विचारलं, "एवढं कुणाचं आहे ह्यात?"

"बहिणीचं."

"आणि पुसलं कुणी?"

"मी. चुकून."

त्या बघत राहिल्या. रोग्याने 'एकच सिगारेट ओढली' म्हटल्यावर बघत असतील तसं. "तिला खरं सांगितलंत का?"

"अर्धं."

"अर्धा डोस देऊन मी कुणाला घरी पाठवत नाही हो," असं म्हणून त्या चहा गाळू लागल्या.

तर उरलेला अर्धा. तू वाचणार नाहीसच, म्हणून सोपं जातंय.

मी न वाचता 'हो' म्हणालो नव्हतो. साफसफाईची यादी पडद्यावर येते तेव्हा खोलीचा क्रमांक आणि तिचं पहिलं वाक्य दिसतं, तेवढंच. मी यादी वाचत खाली आलो. त्रेचाळिसावी खोली. पहिलं वाक्य: 'भावाला ऐकू आलं होतं.'

ताई, तुला कसं कळलं?

बाबा गेले त्या रविवारी दुपारी आई मावशीकडे होती. तू साडेचारला आलीस तेव्हा बाबा जमिनीवर होते, पेला बाजूला, आणि पलीकडच्या खोलीत मी कानाला हेडफोन लावून बसलेलो. तू हेडफोन बघितलेस आणि समजलीस, ह्याला ऐकू आलं नाही. आईला तर तू तेही सांगितलं नाहीस, 'तो मशीन दुरुस्तीला गेला होता, घरी कुणीच नव्हतं' असं म्हणालीस. मला वाचवलंस. सहा वर्षं आपण दोघं त्यावर एक अक्षर बोललो नाही.

हेडफोनमध्ये काही वाजत नव्हतं. मी एक चूक शोधत होतो, शोधताना मी गाणी बंद करतो. बाबांनी पेल्याने भिंतीवर ठोकलं ते मला ऐकू आलं. तीनदा. त्यांना चहा हवा असला की तीन ठोके, टीव्हीचा आवाज कमी करायचा असला की तीन ठोके, सगळ्याला तेच. मी 'येतो' म्हणून ओरडलो आणि गेलो नाही. चूक सापडतच होती. सापडलीही. मी खूश झालो. चाळीस मिनिटं गेली.

ते वाक्य वाचलं आणि मला वाटलं, हिला ठाऊक आहे, ही कादंबरी छापणार, आई वाचणार. मी 'हो' दाबलं. सगळ्याच्या सगळ्या त्रेचाळीस, म्हणजे चूक वाटेल. आणि ऐक, जादा प्रत पुसली जायला एक तास लागतो. तासाभरात मला सगळं परत आणता आलं असतं. मी घड्याळाकडे बघत बसलो. मी चहा करून प्यायलो.

प्रोग्रॅममध्ये चूक सापडली की ती सुधारायची आणि ती कधी झालीच नव्हती असं वागायचं. ह्या नादाने मला हीच सवय लागली. बाबांच्या बाबतीत सुधारता येत नव्हतं, म्हणून ज्या कागदावर ती लिहिलीय तो कागदच मी पुसला.

बस आली. डिस्क शर्टाच्या आत धरून नेतोय.


१२ मार्च

ताई,

ह्या पाकिटावर पत्ता आईने लिहिलाय, म्हणून तू ते घेतलं असशील. आधीची तिन्ही पत्रं आत आहेत. ती वाचलीस की मग हे वाच. वाचायचं नसेल तर निदान जाडजूड गठ्ठा आहे तो ठेव. तो तुझा आहे. त्रेचाळीस. मोजून.

डिस्क मी परत जोडलीच नाही. माझ्या हातांवरचा माझा विश्वास उडालाय. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक बाई नुसतं हेच काम करतात, मोडक्या डिस्कमधून जे मिळेल ते बाहेर काढायचं. सात दिवस ठेवून घेतली. मी रोज दुकानापुढे जाऊन उभा राहायचो, तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही उभे राहिल्याने ती लवकर फिरणार नाही." आठव्या दिवशी त्यांनी फाइल दिली. घरी येऊन उघडली तर सगळ्या खोल्या आहेत.

मी सरळ त्रेचाळिसावीवर गेलो. पहिलं वाक्य तेच, 'भावाला ऐकू आलं होतं.'

दुसरं वाक्य: 'तो लगेच उठला.'

ताई, यादीत फक्त पहिलं वाक्य दिसतं. तो यादीचा प्रोग्रॅम मीच लिहिलाय. जागा वाचावी म्हणून एकच वाक्य दाखव, असं मीच त्याला सांगितलंय. आणि तू मला उठवलं होतंस! खुर्ची मागे पडते तरी तो वळून बघत नाही. पाण्याचा पेला बाबांच्या ओठाला लावतो. दोनदा फोन फिरवतो, कुणी उचलत नाही, तर बाबांना पाठीवर घेऊन जिन्याकडे निघतो. बाबा म्हणतात, "हळू रे, मी काय कपाट आहे?" अगदी तेच म्हणाले असते. मी ते दोनदा वाचलं. तू मला पकडलं नव्हतंस, तू मला एक संधी लिहून दिली होतीस. आणि मी तीच पुसली.

दुसऱ्या दिवशी आई शेंगा सोलत होती तेव्हा तिच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. ठोके, हेडफोन, चाळीस मिनिटं, तू माझ्यासाठी बोललेलं खोटं, आणि तुझ्या खोल्या. तिने मधे एकच प्रश्न विचारला, "तीनदा ठोकलं म्हणतोस?" मी हो म्हणालो. ती उठून आपल्या खोलीत गेली. सोललेल्या शेंगा तशाच राहिल्या.

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. स्वयंपाक केला, ताट वाढून ठेवलं, आणि मी बसायच्या आत उठून गेली. ओरडली असती तर मी सुटलो असतो, पण तिने मला सुटू दिलं नाही. कामावरून येताना रोज वाटायचं, आज दार उघडणार नाही. रोज उघडायची आणि पाठ फिरवायची.

चौथ्या दिवशी दुपारी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "तिने काय लिहिलंय ते वाच." मी वाचलं. कपाटाच्या वाक्याला ती हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला. मी वाचत राहिलो. चौथा मजला, मग अर्धा जिना, मग तिसऱ्या मजल्याच्या वळणावर बाबा म्हणतात, "जरा थांब." भाऊ थांबतो.

मी तिथेच थांबलो. आई म्हणाली, "मग?"

"एवढंच आहे. तिने एवढंच लिहिलं होतं."

"खाली पोचतात की नाही?"

"माहीत नाही, आई."

"तूच लिही मग. तुला येतं ना सगळं."

मी बसलो. कालही बसलो, आजही. एकदा खाली गाडी उभी करून ठेवली, ती खोटी वाटली. एकदा शेजारी मदतीला धावले, तेही खोटं. खेळ असता तर मी खेळणाऱ्याला विचारलं असतं: उतरू, की थांबू? त्याने काहीही दाबलं तरी माझी सुटका. इथे कुणाला विचारू? मी लिहिलं की प्रत्येक वाक्यात तो माणूस परत खुर्चीत जाऊन बसतो. तू लिहिलंस तेव्हा तो उठला होता.

आई रोज दुपारी येऊन विचारते, पुढचं आलं का. नाही म्हटलं की जाते. एवढंच आमचं बोलणं.

मला माफ कर असं म्हणणार नाही. परत ये असंही नाही, माझ्याशी बोलूही नकोस, हवं तर आईच्या नावाने पाठव. पण ताई, लिही. एक पान लिही. बाबा अजून माझ्या पाठीवर आहेत, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, त्यांचा श्वास माझ्या मानेवर लागतोय, आणि तू सांगितल्याशिवाय मला पाय उचलता येत नाही.